तांब्याचे किरणोत्सारी समस्थानिक, अँटीबॉडी आणि कॅन्सर: आधी बघायचं, मग औषध द्यायचं

अनुष्का_गुहागर

'तांब्याने कॅन्सर बरा होतो, परदेशात शोध लागला' असा मजकूर सध्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बऱ्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतोय. खाली तांब्याच्या हंड्याचा फोटो, आणि रात्रभर ठेवलेलं पाणी सकाळी प्या असा सल्ला. तांब्यावर आधारलेल्या उपचारावर जगभर संशोधन चालू आहे, एवढं त्यात खरं आहे. हंड्याशी आणि पाण्याशी त्याचा काहीही संबंध नाही.

माझं माहेर गुहागर. नोकरी नवी मुंबईत, रेडिओफार्मसीत, म्हणजे रुग्णाला द्यायची किरणोत्सारी औषधं जिथे तयार होतात आणि तपासली जातात तिथे. या विषयावर मराठीत सलग वाचायला फारसं मिळत नाही, म्हणून हा धागा काढतेय.

आपल्या भांड्यातल्या तांब्यात दोन प्रकारचे अणू, म्हणजे समस्थानिक, असतात, कॉपर-६३ आणि कॉपर-६५. दोन्ही स्थिर, किरणं टाकत नाहीत. उपचारासाठी हवे असलेले अणू मुद्दाम बनवावे लागतात. त्यातले दोन महत्त्वाचे: कॉपर-६४, अर्धायुष्य १२.७ तास, आणि कॉपर-६७, अर्धायुष्य ६१.८ तास. अर्धायुष्य म्हणजे किरणोत्सारी अणूंपैकी निम्मे फुटून संपायला लागणारा वेळ.

दोघांची कामं वेगळी. कॉपर-६४ फुटताना शंभरात सतराएक वेळा पॉझिट्रॉन बाहेर पडतो, आणि पेट स्कॅनला नेमका तोच लागतो. त्यामुळे हा अणू शरीरात कुठे जाऊन बसला ते चित्रात दिसतं. कॉपर-६७ मधून बीटा कण निघतात, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन. ते शरीरात फार तर दोन मिलिमीटर जातात, बहुतेक त्याच्याही आत थांबतात, आणि वाटेत पेशींचा डीएनए तोडतात. गाठीवर मारा करायचा तो यांनी.

पण तांबं नुसतं टोचलं तर ते गाठ शोधत जाणार नाही, यकृतात जाईल. गाठीचा पत्ता अँटीबॉडीला ठाऊक असतो. कॅन्सरच्या पेशीच्या पृष्ठभागावर एखादं प्रथिन जास्त प्रमाणात असतं, अँटीबॉडी नेमकी त्यालाच चिकटते. एकाच जातीच्या अँटीबॉडी हव्या तेवढ्या बनवायची रीत कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये दाखवली, १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आज केमोसोबत देतात ती रिटुक्सिमॅब, ट्रास्टुझुमॅब ही औषधं त्याच घराण्यातली.

अँटीबॉडी आणि तांबं यांना जोडायला मध्ये आणखी एक रेणू लागतो, किलेटर. तो धातूचा अणू सगळ्या बाजूंनी धरून ठेवतो. डोटा नावाचा किलेटर आमच्या कामात रोजचा, पण तांब्यावर त्याची पकड सैल पडते. रक्तातली प्रथिनं तांबं त्याच्याकडून काढून घेतात, आणि मग स्कॅनमध्ये गाठीपेक्षा यकृतच जास्त चमकतं. यावरचा चांगला तोडगा ऑस्ट्रेलियातून आला. कॅनबेराच्या नॅशनल युनिव्हर्सिटीत सार्जसन यांच्या गटाने सार्कोफॅजीन नावाचे पिंजऱ्यासारखे रेणू बनवले होते. त्यात शिरलेलं तांबं सहजासहजी बाहेर पडत नाही.

आता मला खरं सांगायचंय ते. कॉपर-६४ आणि कॉपर-६७ हे एकाच मूलद्रव्याचे अणू. किलेटर तोच, अँटीबॉडी तीच, शरीरातली वाट तीच. म्हणजे त्याच रुग्णाला आधी ६४ लावलेला थोडा डोस देऊन बघता येतं: औषध गाठीत पोचतंय का, किती पोचतंय, मूत्रपिंडाला आणि यकृताला किती झळ बसेल. पोचत असेल तर ६७ द्यायचं. पोचत नसेल तर उपचार सुरूच करायचा नाही. कोकणातला माणूस मुंबईला जातो तेव्हा घरातला एक कमावता हात त्याच्यासोबत जातो, बागेवर कर्ज निघतं, दागिने गहाण पडतात. त्याला 'हे औषध तुमच्या गाठीत जातच नाही' एवढं आधी समजलं, तरी ते फार मोठं आहे. मला या तांब्याचं मोल सगळ्यात जास्त वाटतं ते इथे.

हेही स्पष्ट लिहिते की कॉपर-६७ लावलेली कोणतीही अँटीबॉडी आज मंजूर औषध म्हणून बाजारात नाही. कॉपर-६७ च्या चाचण्या चालू आहेत. कॉपर-६४ चं डोटाटेट हे स्कॅनसाठीचं औषध अमेरिकेत सप्टेंबर २०२० मध्ये मंजूर झालं, पण त्यात अँटीबॉडी नाही, छोटं पेप्टाइड (प्रथिनाचा लहानसा तुकडा) आहे, आणि ते फक्त न्यूरोएंडोक्राइन गाठी, म्हणजे संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींच्या गाठी, बघण्यासाठी आहे.

प्रश्न विचारा. जमेल तसं उत्तर देईन.


शेखर_राजापूर

वाचतोय. हंड्याचा मेसेज आमच्या वाडीच्या ग्रुपवर पण आलाय. तिथे हा धागा टाकू का?


अनुष्का_गुहागर

जरूर टाका. सोबत एवढं लिहा: कॉपर-६७ चे १०० मिलिक्युरी (किरणोत्सार मोजायचं एकक), म्हणजे उपचाराला शोभेल एवढा डोस, वजनाने जेमतेम ०.१३ मायक्रोग्रॅम भरतो. शरीरात मुळातच त्याच्या लाखो पट साधं तांबं असतं. हंड्यातलं पाणी पिऊन गाठीला काही होत नाही.


देवगडकर

अनुष्काताई, बाबांना लिंफोमा आहे, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर. नॉन-हॉजकिन, बी पेशींचा. रिटुक्सिमॅब आणि केमो झाली, गाठी बऱ्याच उतरल्या, आता मानेत पुन्हा एक हाताला लागते. डॉक्टर पुढची लाइन, म्हणजे पुढचा उपचार, ठरवतायत. तुम्ही लिहिलेलं बाबांसाठी उपयोगाचं आहे का? आणि रिटुक्सिमॅबलाच हे तांबं का लावत नाहीत?


अनुष्का_गुहागर

दादा, तुमचा दुसरा प्रश्न फार नेमका आहे. ही कल्पना सगळ्यात आधी यशस्वी झाली ती लिंफोमातच.

बी पेशी या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी. त्यांच्यावर सीडी२० नावाचं प्रथिन असतं, रिटुक्सिमॅब त्यालाच धरते. त्याच सीडी२० ला धरणाऱ्या अँटीबॉडीला यट्रियम-९० जोडून झेव्हॅलिन हे औषध तयार झालं, अमेरिकेत २००२ मध्ये मंजूर झालं. २००३ मध्ये आयोडीन-१३१ जोडलेलं बेक्सार आलं. दोन्ही चालणारी औषधं. केमोला न जुमानणाऱ्या रुग्णांतही गाठी उतरल्याची उदाहरणं त्यांच्या चाचण्यांत भरपूर होती. तरीही बेक्सार २०१४ मध्ये बाजारातून काढून घेतलं, कारण घेणारे उरले नाहीत. केमो देणाऱ्या डॉक्टरकडे किरणोत्सारी औषधाचा परवाना नसतो. रुग्णाला दुसऱ्या विभागात, बरेचदा दुसऱ्या हॉस्पिटलात पाठवावं लागतं. ती साखळी कुणी बांधलीच नाही. चांगलं औषध असं विरून गेलं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तांबंही तेव्हाच येऊन गेलं होतं. कॅलिफोर्नियात, डेव्हिसच्या विद्यापीठात, सॅली आणि जेराल्ड डिनार्डो यांच्या गटाने १९९० च्या दशकात लिम-१ या अँटीबॉडीला कॉपर-६७ लावून लिंफोमाच्या रुग्णांना दिलं. पुढे ते अडलं ते मुख्यतः पुरवठ्यावर. तेव्हा कॉपर-६७ मिळायचं ते मोठ्या राष्ट्रीय प्रयोगशाळांच्या प्रवेगकांतून (कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रांतून), थोडं थोडं आणि अधूनमधून. रुग्णाच्या तारखा अशा पुरवठ्यावर ठरवता येत नाहीत.

आता अर्धायुष्याचं. तुमचा आंब्याचा धंदा असेल असं धरून सांगते. पेटी देवगडहून निघाली की वाटेत कितीही वेळ लागो, आतलं फळ पिकतच राहतं. लवकर पिकणारं फळ लांबच्या गिऱ्हाइकाला पाठवून चालत नाही, आणि पोचल्यावर महिनाभर कच्चं राहणारंही उपयोगाचं नाही. अँटीबॉडी हा मोठा रेणू आहे, रक्तातून फिरत फिरत गाठीत पुरेसा साठायला तिला दोन-तीन दिवस लागतात. १२.७ तासांचं कॉपर-६४ तोपर्यंत बरंचसं संपतं, तरी चित्र काढण्यापुरतं उरतं. ६१.८ तासांचं कॉपर-६७ मात्र बरोबर तेव्हा जोरात असतं.

तुमच्या बाबांना आज हे देता येईल का, तर नाही. त्यासाठी थांबूही नका. डॉक्टर जी पुढची लाइन सांगतील ती वेळेवर सुरू करा.


नाना_खेड

मी निवृत्त शिक्षक, भौतिकशास्त्र शिकवायचो. दोन शंका आहेत. यट्रियमपेक्षा तांबं कशाने बरं? आणि हे अणू तयार कसे करतात? ट्रॉम्बेला होत नाहीत का?


अनुष्का_गुहागर

नाना, यट्रियम-९० च्या बीटा कणांची कमाल ऊर्जा २.२८ एमईव्ही (कणाची ऊर्जा मोजायचं एकक), ते शरीरात एक सेंटिमीटरच्या थोडं पुढेही पोचतात. मोठ्या गाठीला हे चालतं. पण गाठ लहान असेल तर बरीचशी ऊर्जा बाहेरच्या निरोगी पेशींत जाते. कॉपर-६७ ची कमाल ऊर्जा ०.५६ एमईव्हीच्या आसपास, म्हणून पल्ला छोटा. दुसरं, यट्रियम-९० मधून चित्राला उपयोगी गॅमा किरण निघत नाही. झेव्हॅलिनच्या वेळी चित्रासाठी वेगळं इंडियम-१११ लावावं लागायचं, म्हणजे बघायचं एका मूलद्रव्याने आणि मारायचं दुसऱ्याने. कॉपर-६७ मधून १८५ केईव्हीचा गॅमा निघतो, साध्या गॅमा कॅमेऱ्याला तो छान दिसतो. म्हणजे उपचार चालू असतानाही औषध कुठे आहे ते बघता येतं. तिसरं, किलेटरमधून सुटलेलं यट्रियम हाडांत जातं आणि तिथल्या रक्त बनवणाऱ्या मज्जेला झळ लावतं. सुटलेलं तांबं यकृताकडे जातं. तेही नकोच, पण यकृत मज्जेपेक्षा जास्त सोसतं.

बनवण्याचं सांगते. कॉपर-६४ साठी निकेल-६४ वर सायक्लोट्रॉन या प्रवेगकातले प्रोटॉन सोडतात. एक प्रोटॉन आत, एक न्यूट्रॉन बाहेर. अडचण अशी की नैसर्गिक निकेलमध्ये निकेल-६४ एक टक्काही नसतं. ते वेगळं काढलेलं घ्यावं लागतं, महाग पडतं, म्हणून काम झाल्यावर पुन्हा गोळा करून वापरतात. कॉपर-६७ साठी अलीकडे रूळलेला मार्ग इलेक्ट्रॉन प्रवेगकाचा. वेगवान इलेक्ट्रॉन जड धातूवर आपटून तीव्र गॅमा किरण मिळवायचे, ते झिंक-६८ वर पाडायचे, एक प्रोटॉन उडतो आणि कॉपर-६७ उरतं. मूळ पदार्थ जस्त आणि बनलेलं तांबं, दोन्ही वेगळी मूलद्रव्यं, म्हणून रासायनिक रीतीने वेगळं काढता येतं आणि हाती येतं ते जवळजवळ निखळ कॉपर-६७. १९९० च्या दशकातली पुरवठ्याची अडचण या मार्गाने सुटते आहे.

ट्रॉम्बेचं म्हणाल तर बीएआरसीच्या, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या, शास्त्रज्ञांनी ध्रुव अणुभट्टीत साध्या तांब्यावर न्यूट्रॉन सोडून कॉपर-६४ बनवलं आहे आणि पेट स्कॅनसाठी त्याचा अभ्यास प्रसिद्धही केला आहे. स्वस्त मार्ग. पण त्यात कॉपर-६३ पासून कॉपर-६४ होतं, न बदललेलं कॉपर-६३ तसंच सोबत राहतं, आणि दोन्ही तांबंच असल्यामुळे ते वेगळं करता येत नाही. अँटीबॉडीवर किलेटरच्या जागा मोजक्या. त्या साध्या तांब्याने अडवल्या तर किरणोत्सारी अणूला जागा उरत नाही. म्हणून अँटीबॉडीसाठी सायक्लोट्रॉन किंवा प्रवेगकाचा मार्ग बरा. आमच्याकडे तांबं हाताळायचं असेल तर पाणी, आम्ल, काचसामान, सगळं धातूच्या अंशापासून जपावं लागतं, ते याच कारणाने.


माडबनची_सून

मी जैतापूरच्या बाजूची. आमच्याकडे किरणोत्सार हा शब्द काढला की माणसं उठून जातात. ९९०० मेगावॅटच्या प्रकल्पावरून काय काय झालंय ते सगळ्यांना माहीत आहे. मला तो वाद इथे काढायचा नाही. पण ज्याच्याविरुद्ध आम्ही मोर्चे काढले तेच अंगात टोचून घ्यायचं, हे सासूबाईंना मी कसं समजावू? त्यांना थायरॉइडसाठी रेडिओॲक्टिव्ह आयोडीन सांगितलंय, आणि त्या नको म्हणून बसल्यात.


अनुष्का_गुहागर

वहिनी, त्यांची भीती खोटी नाही, आणि त्यांना तसं म्हणूही नका. किरणोत्साराने इजा होते. ती गाठीला व्हावी म्हणूनच हे औषध देतात. प्रश्न फक्त किती, कुठे आणि किती वेळ, एवढाच असतो.

प्रकल्पाबद्दल ज्याचं जे मत असेल ते असो, त्याचा या औषधाशी संबंध नाही. थायरॉइडचं आयोडीन १९४१ पासून माणसांना दिलं जातंय, बोस्टनला सॉल हर्ट्झ यांनी सुरुवात केली. मुंबईत परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून हेच काम करतंय. म्हणजे आयोडीनचा अनुभव पिढ्यांचा आहे. सासूबाईंना सांगा की आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य आठ दिवस, थायरॉइडने घेतलं नाही तेवढं बहुतेक लघवीवाटे पहिल्या दोन-तीन दिवसांतच जातं. मोठ्या डोससाठी ॲडमिट करतात तेव्हा त्या दिवसांची लघवी हॉस्पिटलात वेगळ्या टाकीत साठवतात, किरणोत्सार उतरल्यावरच सोडतात. ती गावच्या विहिरीत किंवा पऱ्ह्यात जात नाही.

शक्य असेल तर तो वॉर्ड त्यांना आधी लांबून दाखवा. नर्सशी दोन शब्द बोलल्या की बराच फरक पडतो, असं मी पुष्कळदा पाहिलंय.


सुलभा_चिपळूण

माडबनच्या सूनबाई, आमचा अनुभव सांगते. यजमानांना प्रोस्टेटचा कॅन्सर, हाडांत पसरलेला. मुंबईत ल्युटेशियमचं इंजेक्शन दिलं. आधी गॅलियमचा पेट स्कॅन झाला, त्यात हाडं ठिकठिकाणी चमकत होती. डॉक्टर म्हणाले, चमकतंय ते चांगलं, औषध तिथे जाईल. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता, आज अनुष्काताईंचं वाचून कळला.

घरी आल्यावर पाळलं ते असं: संडास-बाथरूम शक्यतो वेगळं, लघवीला बसूनच जायचं, दोनदा फ्लश करायचा, हात साबणाने. अंथरूण वेगळं, कपडे वेगळे धुतले. नातवाला काही दिवस त्याच्या आईकडे दापोलीला पाठवलं, कारण तो आजोबांच्या मांडीवरून उतरत नाही. तोंड फार कोरडं पडायचं, कोकमाचं सार त्यांना बरं वाटायचं. येताना रेल्वेने न येता गाडी केली, डॉक्टरांनी गर्दीत, गरोदर बायकांजवळ बसू नका म्हटलं होतं.

वेदना कमी झाल्या. अंगणात फिरायला लागले. आजार आहे, पण झोप लागते.


अनुष्का_गुहागर

सुलभाताई, फार उपयोगाचं लिहिलंत. काकांना आराम पडो.

तुमच्या उदाहरणात गॅलियम-६८ ने बघितलं, ल्युटेशियम-१७७ ने मारलं. ही पद्धत आज जगभर चालते. अमेरिकेत न्यूरोएंडोक्राइन गाठींसाठी ल्युटेशियमचं औषध जानेवारी २०१८ मध्ये आणि प्रोस्टेटसाठी मार्च २०२२ मध्ये मंजूर झालं. आपल्याकडे ल्युटेशियम ध्रुवमध्ये बनतं आणि वाशीच्या ब्रिट या सरकारी संस्थेकडून हॉस्पिटलांना जातं, त्यामुळे आपल्या लोकांना ते बाहेरच्या किमतीच्या मानाने परवडतं. पण गॅलियम आणि ल्युटेशियम ही दोन वेगळी मूलद्रव्यं, एकाच किलेटरमध्ये त्यांचं वागणं थोडं वेगळं. शिवाय गॅलियमचं अर्धायुष्य ६८ मिनिटं, दुसऱ्या दिवशी पुन्हा चित्र काढायची सोय नाही. ६४ आणि ६७ च्या जोडीत या दोन्ही अडचणी नाहीत.


वेंगुर्ल्याचो

अनुष्काताई, बरा लिवलास. एक इचारतंय. आमच्याकडे कोणाक कॅन्सर झालो की पयली गाडी गोव्याक, नायतर बेळगावाक, नायतर मुंबयक. ह्या औषध हयसर येवक काय अडचण आसा? मुंबयसून रातची गाडी सकाळी कुडाळाक पोचता. माणसान तिकडे जावच्यापेक्षा औषध हयसर इला तर काय वायट?


नाना_खेड

याचं गणित मी मांडतो, अनुष्काताईंनी तपासावं. वाशीहून सिंधुदुर्गात औषध यायला ११ तास धरू. आज पेट स्कॅनला नेहमी वापरतात त्या फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य ११० मिनिटं, म्हणजे ११ तासांत सहा अर्धायुष्यं. उरला चौसष्टावा भाग. पोचेपर्यंत संपलंच म्हणायचं. गॅलियमचा तर प्रश्नच नाही. कॉपर-६४ मात्र ११ तासांनी ५५ टक्के शिल्लक, कॉपर-६७ तर ८८ टक्के. म्हणजे महामार्गाचं काम कितीही रखडलं तरी तांबं पोचतं.


अनुष्का_गुहागर

नाना, गणित बरोबर. अंतराच्या हिशोबात तांबं कोकणाला सोयीचं आहे यात शंका नाही.

फक्त औषध प्रवासी गाडीने येत नाही. शिशाच्या भांड्यात, मान्यता असलेल्या पेटीत, नियमांप्रमाणे कागदपत्रांसह रस्त्याने येतं. आणि इथे उतरवून घ्यायला पेट स्कॅन हवा, एईआरबीचा, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाचा, परवाना असलेला न्यूक्लिअर मेडिसिन विभाग हवा, प्रशिक्षित डॉक्टर, किरणोत्सार सुरक्षा अधिकारी, वेगळी खोली, लघवीच्या टाक्या हव्यात. यंत्र पैसे टाकून येतं. माणसं टिकणं कठीण. सिंधुदुर्गातली मुलं हा विषय शिकून परत आली पाहिजेत, असं मला फार वाटतं. अणुविज्ञानाचं शिक्षण म्हणजे फक्त वीजप्रकल्प असं आपल्याकडे धरलं जातं, त्यामुळे दहावी-बारावीच्या मुलांना ही वाट कुणी सांगतच नाही.


डॉ_दापोली

चर्चा वाचतोय. मी फिजिशियन, न्यूक्लिअर मेडिसिनवाला नाही. माझं मत थोडं वेगळं आहे, रागवू नका.

माझ्याकडे येणारा कॅन्सर मुख्यतः तोंडाचा. तंबाखू आणि मशेरी. बायका पहाटे उठल्यावर मशेरी लावतात, गालात पांढरा चट्टा येतो, तोंड उघडेनासं होतं, तरी वर्ष-वर्ष कुणाला दाखवत नाहीत. येतात तेव्हा गाठ मानेत उतरलेली असते. या बाईला कॉपर-६७ काय कामाचं? तिला वेळेवर ऑपरेशन आणि शेक (रेडिएशन) मिळाला असता तर ती बरी झाली असती. डेरवणच्या वालावलकर हॉस्पिटलने टाटाच्या मदतीने गावोगाव तपासणीचं काम केलं, तसं काम दहापट हवं. पैसा मर्यादित असेल तर माझा कौल तपासणीला.

शिवाय घट्ट गाठींत अँटीबॉडी नीट शिरत नाही, कडेकडेने राहते. लिंफोमातलं यश तोंडाच्या, स्तनाच्या, आतड्याच्या गाठींत आलेलं नाही. आणि अँटीबॉडी दिवसचे दिवस रक्तात फिरते, तेवढा वेळ मज्जा भाजते. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स काही आठवड्यांनी खाली येतात. हेही लोकांना सांगायला हवं.


अनुष्का_गुहागर

डॉक्टर, रागाचं काहीच नाही. मशेरीबद्दल अगदी खरं, आणि तपासणीला पैसा आधी, हेही मान्य. ज्यांना ऑपरेशन आणि शेक यांनी बरं होता येतं त्यांनी या धाग्याकडे बघूही नये, आधी ते करावं.

पण एका मुद्द्यावर माझं मत वेगळं आहे. पसरलेला कॅन्सर घेऊन जगणारी माणसं आपल्याकडे आजच आहेत, सुलभाताईंच्या घरी आहेत, देवगडकरांच्या घरी आहेत. तपासणी वाढली तरी त्यांच्यासाठी काही लागणारच. एकाला द्यायचं म्हणून दुसऱ्याचं काढून घ्यायचं, अशी निवड कुणी लादू नये असं मला वाटतं.

घट्ट गाठींचं तुम्ही म्हणता ती खरी मेख आहे. त्यावर दोन दिशांनी काम चालू आहे. एक म्हणजे अँटीबॉडीचे छोटे तुकडे वापरणे. ते लवकर पोचतात, लवकर बाहेर जातात, आणि त्यांना कॉपर-६४ चे १२.७ तासही पुरतात, मात्र मूत्रपिंडावर भार वाढतो. दुसरी मला जास्त आवडते. आधी किरणोत्सार नसलेली अँटीबॉडी द्यायची. ती निवांत गाठीत साठू द्यायची, रक्तातली उरलीसुरली निघून जाऊ द्यायची. मग तांबं लावलेला छोटासा रेणू द्यायचा, जो त्या अँटीबॉडीशी शरीरातच झटकन जोडला जातो आणि जोडला न गेलेला लघवीवाटे निघून जातो. मज्जेला झळ बसते ती अँटीबॉडीच्या रक्तातल्या फेऱ्यांमुळे, त्या फेऱ्याच मग बिनकिरणांच्या होतात. शरीरात अशा जोडण्या घडवण्याच्या रसायनशास्त्रासाठी कॅरोलिन बर्टोझी यांना २०२२ चं नोबेल विभागून मिळालं.


डॉ_दापोली

हे दुसरं मला नवीन. पटण्यासारखं आहे. माझा तपासणीचा आग्रह तसाच राहील.

चाचण्यांबद्दल मात्र सगळ्यांना सांगतो. कुणी 'तांब्याचं नवीन औषध' म्हणून पैसे मागितले तर थांबा. भारतातली प्रत्येक क्लिनिकल चाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंदवावी लागते, २००९ पासून ते सक्तीचं आहे. वेबसाइट सगळ्यांना खुली आहे, नंबर मागा आणि स्वतः बघा. चाचणीतल्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. आणि संमतीपत्र मराठीत मागायचा तुमचा हक्क आहे.


शेखर_राजापूर

रेल्वे सवलतीचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत आहे, सोबत्याला ७५ टक्के. हॉस्पिटलचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो. गावातले कितीतरी जण पूर्ण तिकीट काढून जातात. मुंबईत राहायची सोय नसेल तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करा, हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागाची चिठ्ठी घेऊन.


देवगडकर

शेखरदादा, आभारी आहे, दाखल्याचं माहीत नव्हतं.

अनुष्काताई, सोमवारी बाबांना घेऊन मुंबईला दुसरं मत घ्यायला जातोय. सोबत काय न्यायचं आणि काय विचारायचं? बाबांची फाइल जाडजूड आहे, डॉक्टर पाच मिनिटांत किती बघणार.


अनुष्का_गुहागर

फाइलच्या वर एका कागदावर तारखेनिहाय लिहा: निदान कधी, कोणती औषधं, किती सायकल, शेवटची कधी, पुन्हा गाठ कधी लागली. पेट स्कॅनचा नुसता रिपोर्ट नको, सीडीही न्या, पहिल्या आणि शेवटच्या दोन्ही.

सगळ्यात महत्त्वाचं, बायोप्सीचे पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले गाठीचे तुकडे, आणि स्लाइड. ज्या लॅबमध्ये तपासणी झाली तिथे अर्ज केला की मिळतात, शनिवारपर्यंत घेऊन ठेवा. प्रवासात ब्लॉक उन्हात, गाडीच्या काचेजवळ ठेवू नका, मेण वितळतं.

रिपोर्टमध्ये इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (पेशींवर कोणती प्रथिनं आहेत त्याची तपासणी) नावाचा भाग असेल, त्यात सीडी२० पुढे पॉझिटिव्ह की निगेटिव्ह ते बघा. मग विचारा: नवीन गाठीची पुन्हा बायोप्सी करायची का? रिटुक्सिमॅबनंतर कधी कधी पेशी सीडी२० दाखवणं सोडून देतात, आणि तसं झालं असेल तर सीडी२० ला धरणारं कुठलंच औषध, किरणोत्सारी असो वा साधं, तिथे चिकटणार नाही. पुढची लाइन यावर बदलू शकते. बीएआरसीच्या लोकांनी ल्युटेशियम लावलेल्या रिटुक्सिमॅबवर काम केलेलं आहे, तेव्हा अशी एखादी चाचणी सध्या कुठे चालू आहे का आणि बाबा तिच्यात बसतात का, हेही विचारा. नाही म्हणाले तर त्याच बैठकीत पुढच्या केमोची तारीख ठरवून घ्या.

रक्ताचे ताजे रिपोर्ट, प्लेटलेट्ससकट, देवगडलाच करून घ्या म्हणजे तिथे एक दिवस वाचेल. काही अडलं तर मला इथेच व्यनि करा, सोमवारी मी वाशीलाच आहे.